अठ्ठावीस की तेहेतीस?

थोरले – उन्हाळा लागला की चाकातली हवा पाच पौंडांनी उतरवायची. दारावर ३३ लिहिलंय ना? मग २८. हे मला कुणी पुस्तकात दाखवलं नाही, उस्तादानं शिकवलंय.

धाकटे – आणि दारावर लिहिणाऱ्याला मे महिना माहीत नव्हता?

थोरले – मे माहीत असेल हो. नागपूरचा मे माहीत नसणार.

हे दोघे माझे दाजी, म्हणजे एकमेकांचे साडू. थोरल्यांच्या सिन्नरला टुरिस्ट गाड्या आहेत. आता ड्रायव्हर ठेवलेत, तरी लांबचं भाडं आलं की स्वतःच स्टिअरिंगवर बसतात. धाकटे मोटार विम्याचे सर्व्हेअर. कुठे गाडी उलटली, ठोकली, जळाली की फॉर्म आणि कॅमेरा घेऊन हे तिथे हजर. थोडक्यात, एकानं जन्मभर न फुटलेले टायर बघितले आणि दुसऱ्यानं फुटलेलेच. दोघांच्या मतांतलं निम्मं अंतर मला वाटतं इथूनच येतं.

प्रसंग लग्नाचा. नागपूरला वऱ्हाड आलेलं, दुसऱ्या दिवशी पहाटे समृद्धी महामार्गानं परत निघायचं, गाडी थोरल्यांची, बसणारे सात. दुपारी चारच्या सुमाराला थोरले पंपावर जाऊन डिझेल टाकून आले आणि येता येता चारी चाकांची हवा २८ करून आले. मंगल कार्यालयाच्या मांडवात पंख्याखाली बसून त्यांनी हे सहज सांगितलं, आणि धाकट्यांच्या हातातला मठ्ठ्याचा ग्लास खाली आला.

थोरले – हिशेब सरळ आहे. हवा तापली की फुगते. बाहेर ४४ अंश, खाली तव्यासारखा रस्ता, वर एकशे वीसचा वेग. आधीच ठासून भरली तर फुगलेली हवा जाईल कुठे? फाडूनच बाहेर येणार. तिला जागा ठेवायला नको?

धाकटे – हवा तापली की दाब वाढतो, हे मान्य. किती वाढतो तेवढं सांगा.

थोरले – किती म्हणजे? वाढतो.

धाकटे – तिथेच घोडं अडतं. बंद चाकातली हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण दीड पौंडानं वाढतो. पहाटे ३० अंशांत ३३ भरली आणि धावताना आतली हवा ६५ अंशांवर गेली, तर होतील ३८, फार तर ३९. आता टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कमाल दाब छापलेला असतो तो वाचा. गाडीच्या टायरवर बहुधा ४४ किंवा ५१ असतो.

थोरले – मग ५१ च भरा की!

धाकटे – तो टायरवाल्यानं स्वतःच्या टायरबद्दल सांगितलेला शेवट आहे, तुमच्या गाडीसाठीचा आकडा नाही. गाडीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर असतो. एकच टायर हलक्या गाडीलाही बसतो आणि जड गाडीलाही. तुमची गाडी किती जड आहे हे टायरला काय ठाऊक? आणि स्टिकरवरचा आकडा असतो गार टायरचा. तापल्यावर चार-सहा पौंड चढणार हे धरूनच तो दिलेला असतो. तुम्ही उन्हाळ्याचे पाच परत वजा करता, म्हणजे एकच सूट दोनदा घेता.

थोरल्यांना हा व्यवहारातला टोला लागला, कारण दोनदा सूट मागणारी गिऱ्हाइकं त्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. पण ते मागे हटणारे नव्हेत.

थोरले – सगळं कबूल. मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते का? हिवाळ्यात का नाही फुटत एवढे? तुम्हीच पंचनामे करता ना?

धाकटे – करतो. आणि फुटलेला टायर उचलून मी आधी आतून बघतो. बाहेरून बघून काही कळत नाही, तिथे नुसत्या चिंध्या असतात. आतल्या बाजूनं, जिथे साइडवॉल दुमडते तिथे, सगळीकडून एक पट्टा घासल्यासारखा दिसतो. हात फिरवला की बोटाला काळी पूड लागते. रबराची पूड. जास्त हवेनं फुटलेल्या टायरमध्ये ती कुठून येणार? ती येते टायर कमी हवेवर बराच वेळ चालला की. आतल्या आत दुमडून दुमडून रबर स्वतःलाच खातं.

थोरले – पूड मी पाहिलीय. पंक्चरवाल्यानं टायर रिमवरून काढला की पडते कधी कधी.

धाकटे – तीच. तार हातात धरून एकाच जागी पुढे-मागे वाकवली तर तुटायच्या आधी काय होते?

थोरले – गरम होते.

धाकटे – चाकाचं तेच. जमिनीला टेकलेला भाग दबतो, वर गेला की पुन्हा फुगतो. एकशे वीसच्या वेगाला चाक सेकंदाला सोळा-सतरा वेळा फिरतं, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा दबतो आणि सुटतो. हवा बरोबर असेल तर थोडा दबतो. कमी असेल तर जास्त. जास्त दबला की जास्त तापतो, आणि ही उष्णता उन्हाची नव्हे, आतून निघालेली. रबर उष्णता लवकर बाहेर टाकत नाही. रबर आणि आतल्या तारा यांची पकड सुटायला लागते, आणि मग एकदम जातो. ऊन त्याला मदत करतं, नाही म्हणत नाही मी. म्हणून उन्हाळ्यात जास्त फुटतात. पण उन्हाला भिऊन हवा उतरवायची म्हणजे ज्याला भ्यायचं त्यालाच घरात घ्यायचं.

एक सांगायला हवं. थोरल्यांचा उस्ताद अडाणी नव्हता. त्यानं गाडी शिकवली तेव्हा टायर नायलॉनचे, आडव्या-तिडव्या थरांचे, आत ट्यूब, आणि ट्यूबला ठिगळं लावलेली. उन्हात ठिगळ सुटायचं. वेग जेमतेम साठ. दर पन्नास-साठ किलोमीटरला एखादं गाव, फाटक, जकात नाका लागायचा आणि चाक निवायचं. त्या टायरवर, त्या रस्त्यावर, त्या वेगाला हवा थोडी कमी ठेवल्यानं फारसं बिघडत नसावं, आणि दणके कमी बसायचे. मग रेडियल आले, ट्यूबलेस आले, आणि ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर असा रस्ता खुला झाला, की ज्यावर चाकाला थांबायचं कारणच उरलं नाही. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा झाल्यावर तो ७०१ किलोमीटरचा झाला. टायर बदलले, रस्ता बदलला, वेग दुप्पट झाला. सल्ला तेवढा जुनाच राहिला.

थोरले – रस्त्याचं म्हणताय तर ऐका. समृद्धीवर आरटीओवाले चाकं तपासायला लागले ना २०२३ मध्ये, ते हवा बघत नव्हते. टायर गोटा झालाय का ते बघत होते. गुळगुळीत असला की गाडी परत. म्हणजे खरा गुन्हेगार गोटा टायर, हवा नव्हे.

धाकटे – गोटा झालेला दिसतो, हवा दिसत नाही, म्हणून आधी जे दिसतं ते बघतात. पण टायर लवकर गोटा कशानं होतो तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी. मधला झिजला आणि कडा शाबूत, तर जास्त.

थोरले – आणि एकीकडचीच कड गेली तर अलाइनमेंट. हे मला नका सांगू, माझं पोट भरतं त्याच्यावर.

धाकटे – मग तुमच्या पुढच्या चाकांच्या कडा कशा आहेत?

थोरल्यांनी उत्तर दिलं नाही. थोरल्या ताईनं दिलं. मागच्या दिवाळीला टाकलेले टायर आताच बदलायला आलेत, असं ड्रायव्हर म्हणत होता, हे तिनं पानाला चुना लावता लावता सगळ्यांच्या देखत सांगितलं.

मग धाकट्यांनी अमेरिकेतली गोष्ट काढली, आणि इथे मला वाटलं होतं की वाद संपला. झालं उलटंच. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीनं ६५ लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा ट्रेडचा पट्टाच सोलून निघायचा आणि गाडी उलटायची. सरकारी तपासात २७१ मृत्यूंचा संबंध या टायरांशी जोडला गेला. अपघात सर्वात जास्त कुठे? टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया. म्हणजे उन्हाच्या राज्यांत. गाडीत माणसं भरलेली, सामान लादलेलं, वेग मोठा, आणि हवा कमी.

थोरले – कमी म्हणजे किती?

धाकटे – फोर्डनं सांगितलेली २६. फायरस्टोनचं म्हणणं पडलं, ३० पाहिजेत.

थोरले – थांबा थांबा. २६ सांगितली होती कुणी? गाडीच्या कंपनीनं?

धाकटे – हो.

थोरले – स्टिकरवर?

धाकटे – स्टिकरवर.

थोरले – मग मघापासून कुणाच्या जिवावर मला स्टिकर वाचून दाखवताय? तुमच्याच गोष्टीत स्टिकर चुकलंय की हो!

मांडवात हशा पिकला, आणि तो रास्त होता. धाकटे क्षणभर गप्प झाले. पण सर्व्हेअर माणूस, क्लेम सहजासहजी मंजूर करत नाही.

धाकटे – चुकलं, पण कुठल्या बाजूला चुकलं ते बघा. कमीच्या बाजूला. टायरच्या बनावटीतही दोष होता, तो वेगळा. पण २६ हा आकडा आधीच तळाशी. वापरातला प्रत्येक टायर काही केलं नाही तरी महिन्याला एखाद-दोन पौंड गमावतो, रबरातून हवा झिरपते. मालकानं दोन-तीन महिने बघितलं नाही की २६ चे २१. तिथून पुढे टायरला चूक सोसायची ताकदच राहत नाही. ३३ वाल्याचे २८ झाले तर निदान जीव राहतो. तुम्ही निघतानाच २८ वर निघता, झिरपायचं अजून बाकीच आहे.

या प्रकरणानंतर फोर्ड आणि फायरस्टोन यांचा जवळपास शंभर वर्षांचा संबंध तुटला. हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन हे मित्र होते. फोर्डच्या गाड्यांना फायरस्टोनचे टायर हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. २००१ च्या मे महिन्यात फायरस्टोननं फोर्डला टायर देणं बंद केलं. अमेरिकी संसदेनं कायदा केला, आणि त्यातूनच हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली.

थोरले – तो दिवा माझ्या गाडीत आहे. लागलेला नाही. म्हणजे हवा बरोबर.

धाकटे – दिवा किती हवा गेल्यावर लागायला हवा, हेही तिथल्या त्याच नियमात ठरलंय. पाव हिस्सा गेल्यावर. ३३ चा पाव हिस्सा काढा. म्हणजे पावणेपंचवीस होईपर्यंत दिवा लागलाच पाहिजे असं बंधन नाही. २८ ला तो कशाला लागेल? आणि तुमच्या गाडीत चाकात सेन्सर नाही. ब्रेकच्या एबीएसचे जे सेन्सर चाक किती फिरलं ते मोजतात, त्यांच्यावरून ही यंत्रणा अंदाज बांधते. एखाद्या चाकाची हवा गेली की त्याचा घेर किंचित कमी होतो आणि ते बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. चारी चाकं सारखीच कमी असतील तर ती काय ओळखणार? त्यातून तुम्ही २८ भरून रीसेटचं बटण दाबता. म्हणजे तिला सांगता, बाई, हीच बरोबर हवा, हिची राखण कर.

थोरल्यांनी बटण दाबलं होतं. दरवेळी दाबतात. पंपावरच्या पोरानंच शिकवलं म्हणे.

इथून पुढे थोरल्यांनी सूर बदलला, आणि मला त्यांचं बोलणं जास्त आवडायला लागलं. धाकट्यांचं ज्ञान पक्कं, पण ते टायर मेल्यानंतरचं. थोरल्यांचं टायर जिवंत असतानाचं.

थोरले – तुमचे आकडे ठीक आहेत. पण मला सांगा, आकडे बघणारा माणूस चाक बघतो का? पंपावर येतो, काच खाली करतो, ‘तेहेतीस मार’ म्हणतो आणि मोबाइलमध्ये तोंड घालतो. मी रोज सकाळी गाडीला फेरी मारतो. खिळा घुसलाय का, फुगा आलाय का, चीर आहे का. व्हॉल्व्हचं टोपण काढून थुंकीचं बोट लावतो. बुडबुडा आला की पिन गळतेय. दोन रुपयांची पिन, पण रात्रभरात चाक बसवते. मुक्कामाला थांबलो की चारी चाकांना हाताचा मागचा भाग लावून बघतो. तीन सारखी आणि एक जास्त गरम लागलं तर तिथे काहीतरी आहे. हवा तरी कमी, नाहीतर ब्रेक तरी धरतोय. तुमच्या मीटरला हे कळेल?

धाकटे – नाही कळणार. हे करायलाच हवं. पण तुमच्या हाताला २८ आणि ३३ मधला फरकही नाही कळणार. रेडियल टायरची बाजू मुळातच जरा फुगलेली दिसते. ३३ असली तरी बसल्यासारखी दिसते आणि २५ असली तरी तशीच. तुम्ही डोळ्यांनी शिकलात ते नायलॉनवर. तो टायर ताठ असायचा, हवा गेली की लगेच दिसायचा.

थोरले – आणि पंपावरचं मीटर काय देवाचं आहे? अहो, ते मशीन दिवसभर उन्हात, नळी पोरं जमिनीवर आपटतात. एका पंपावर ३३ भरा, पुढच्या पंपावर ३० दाखवतं. कुठलं खरं?

याला धाकट्यांकडे उत्तर होतं, पण ते पहाटे निघालं.

मधल्या वेळात नायट्रोजनवर थोडी झटापट झाली. ती लवकर उरकली, कारण दोघांचं एकमत निघालं. थोरल्या दाजींना चाकामागे पैसे द्यायचे नसतात, आणि धाकट्यांना त्यात फारसं काही दिसत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक मासिकानं कधी काळी ३० पौंड भरून वर्षभर टायर नुसते ठेवून बघितले होते. साध्या हवेचे सरासरी साडेतीन पौंड गेले, नायट्रोजनचे दोनच्या थोडे वर. फरक आहे, पण वर्षाला सव्वा पौंडाचा. महिन्यातून एकदा मीटर लावणाऱ्याला त्याची गरज नाही, आणि न लावणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नायट्रोजन कोरडा असतो, आत वाफ नसते, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना आणि विमानांना तो लागतो. सिन्नर–शिर्डी भाड्याला नाही.

पहाटे साडेचारला गाडी कार्यालयाच्या आवारात उभी होती, रात्रभर न हललेली. धाकट्यांनी खिशातून पेनाएवढं मीटर काढलं, पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबलं. फुस्स असा अर्धा क्षण आवाज. आकडा २५.

थोरले – पंपवाल्यानं चोरली हवा! २८ मी स्वतः उभं राहून भरून घेतलीय.

धाकटे – कुणी चोरली नाही. तुमच्या मीटरनं बघा.

थोरल्यांच्या डिकीत गोल डायलचं जुनं मीटर होतं. त्यानंही पंचविसाच्या आसपासच दाखवलं. चारी चाकांचं तेच.

धाकटे – काल चार वाजता तुम्ही उन्हातून, गावातून गाडी फिरवून पंपावर गेलात. टायरमधली हवा तेव्हा पन्नास-पंचावन्न अंशांवर असणार. त्या तापलेल्या हवेचे तुम्ही २८ मोजले. रात्रीत ती निवून तिसावर आली, तीन पौंड उतरले. हाच तुमच्या पंपापंपांतला फरकही. मीटर थोडंफार चुकतं, नाही असं नाही, पण दोन पंपांच्या मध्ये टायर किती तापला की निवला हे तुम्ही धरतच नाही. स्टिकरवरचा आकडा गार टायरचा: तीनेक तास उभी असलेली गाडी, किंवा दीड-दोन किलोमीटरच्या आत चाललेली. दुपारी मोजून तुम्ही जे २८ म्हणता, ते तुमचे २८ नव्हेतच. इतकी वर्षं तुम्ही २५ वर गाडी चालवताय.

थोरले काही बोलले नाहीत. डिकीतून त्यांनी लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा कॉम्प्रेसर काढला आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. मला वाटतं, त्या सगळ्या वादात त्यांना पटलेली गोष्ट एवढी एकच असावी. फुगणं, तापणं, अमेरिका यांवर त्यांचं स्वतःचं मत होतं. पण ज्याला आपण २८ म्हणतो ते २८ नाही, हे व्यवहारात खपवून घेणारा तो माणूस नव्हे.

थोरले – पुढे ३३ करतो. मागे?

धाकटे – तुम्ही सांगा. सात माणसं, वर सामान.

थोरले – मागे ३६. भरल्या गाडीला मागे जास्त, हे स्टिकरवर वेगळं लिहिलेलं असतं, ते मला ठाऊक आहे. काल मागेही २८ च केली, ती गोष्ट निराळी.

धाकटे – वजन टायर उचलत नाही साडूभाऊ, हवा उचलते. पाचशे-साडेपाचशे किलो एका चाकावर, आणि जमिनीला टेकतात ते जेमतेम दोनशे-अडीचशे चौरस सेंटिमीटर. आत हवा नसेल तर रबराला तेवढं पेलवत नाही.

थोरले – पण मग मी सांगतो तेही ऐका. हवा कमी करायची वेळ असते. कोकणात समुद्राच्या वाळूत एका गिऱ्हाइकानं हौसेनं गाडी घातली. चाकं फिरतायत आणि गाडी खाली खाली. मी चारी चाकांची हवा पंधरा-सोळावर आणली, टायर पसरला, गाडी पहिल्या गिअरला आपसूक बाहेर. आणि जास्त हवेचंही कौतुक नको. खड्ड्याच्या रस्त्याला चाळीस भरा, बसणाऱ्यांचे मणके बघा. रिम वाकते, ब्रेकला पकड कमी.

धाकटे – शंभर टक्के. फक्त वाळूतून निघाल्यावर पुन्हा भरलीत ना?

थोरले – तिथेच. ह्याच कॉम्प्रेसरनं. मी काय खुळा आहे?

स्टेपनी बघायची आठवण धाकट्या ताईला झाली. ती गाडीखाली टांगलेली, चिखलानं माखलेली. गुडघ्यावर बसून मीटर लावलं तर १४. या प्रकरणात दोघेही एकमेकांकडे न बघता गप्प राहिले. (काही गाड्यांत हल्ली पूर्ण चाकाऐवजी बारीक, तात्पुरती स्टेपनी देतात, तिच्यात बहुधा ६० पौंड हवा लागते, आणि ती कुणीच भरलेली नसते. २०२० च्या केंद्र सरकारच्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दिवा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. त्या गाड्यांच्या मालकांनी किट एकदा उघडून तरी पाहावं.)

निघायच्या आधी पैज लागली. थोरल्यांचं म्हणणं, ३३ भरलेलं पुढचं चाक जालन्यापर्यंत पन्नास दाखवेल. धाकट्यांचं, ३८ किंवा ३९. पन्नास झाले तर धाकट्यांनी सगळ्यांना जेवण घालायचं, नाही झाले तर थोरल्यांनी.

शिवमडक्याहून समृद्धीला लागलो तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. कारंजा, मालेगाव, मेहकर. थोरल्यांनी वेग शंभर-एकशे दहाच्या वर नेला नाही, आणि त्यांच्याइतकी निवांत गाडी चालवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एवढी वर्षं पंचविसावर चालवून टायर का फुटला नाही याचं उत्तर मला मागच्या सीटवर मिळालं. हा माणूस कधी घाईत नसतो, दर दीड-दोन तासांनी थांबतो, चाकांना हात लावून बघतो. सल्ला चुकीचा होता, सवयींनी तो पोसला. तोच सल्ला पंचविशीतल्या ड्रायव्हरला दिला, जो एकशे तीसनं नागपूर–शिर्डी एका दमात करतो, तर त्याच्यापाशी थोरल्यांचा आकडा असतो आणि थोरल्यांचा हात नसतो.

जालन्याच्या अलीकडे पंपावर थांबलो. दहा वाजले होते, झळा सुरू झाल्या होत्या. थोरल्यांनी स्वतःचं मीटर काढलं, साडूचं नाही. पुढचं डावं ३८. उजवं ३८. मागची दोन्ही ४१ आणि ४२ च्या मध्ये.

थोरले – आज वारा होता.

धाकटे – होता.

थोरले – आणि गाडी मी चालवली. तुम्ही चालवली असती तर बेचाळीस झाले असते.

धाकटे – झाले असते. तरी पन्नास नाही.

थोरले – बरं, मग आता ३८ आहेत. ३३ पाहिजेत. पाच सोडू का?

धाकट्यांनी कपाळाला हात लावला. थोरले हसले, त्यांनी मुद्दाम विचारलं होतं. टोपणं चारी व्हॉल्व्हवर घट्ट बसवली, हात पुसले आणि सिन्नरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर भाडं घेऊन छत्रपती संभाजीनगरला निघायचा होता.

“ऐक. उद्या हवा बत्तीस कर. हो, बत्तीस. उन्हाळा असला तरी. आणि पंपावर नको, घरनं निघायच्या आधी कर, गाडी हलवायच्या आत.”

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. थोरल्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

“तो म्हणतो, घरी कशानं करू?”

“कॉम्प्रेसर द्या की तुमचा,” धाकटे म्हणाले.

“तो माझ्या गाडीत लागतो,” थोरले म्हणाले, आणि फोनमध्ये सांगितलं, “संध्याकाळी येतोय, मग बघू. आणि बत्तीसच. तेहेतीस नाही.”